जुळणीच्या यंत्राची कुळकथा



कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ, मादन हिप्परगा हे गाव आहे. हा सारा टापू १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे गेला. त्यामुळे मराठी, कन्नड आणि उर्दू या तीन भाषांचा शेजार येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब मात्र एकाच भाषेत होतो, आणि ती म्हणजे तुरीची भाषा. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन एक गोष्ट आणि बाजारात हाती येणारा भाव ही दुसरी. अशा मुलखातला एखादा तरुण जेव्हा घरी सांगतो की, मला खेळ खेळण्याजोगा संगणक हवा आहे, आणि तो तयार न घेता सुटे भाग आणून मी स्वतः जुळवणार आहे, तेव्हा वडीलधारी मंडळी दोन प्रश्न विचारतात. खेळासाठी एवढा पैसा कशाला? आणि दुकानात तयार यंत्र मिळत असता हा खटाटोप कशाला?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देताना तरुणाची बहुधा तारांबळ उडते, कारण त्याला आपली इच्छा ठाऊक असते, पण त्या इच्छेचा इतिहास ठाऊक नसतो. आज त्या इतिहासाचा थोडा मागोवा घेण्याचा माझा विचार आहे.

पहिली गोष्ट अशी की, खेळ हा संगणकाच्या आयुष्यात मागाहून शिरलेला उपरा नव्हे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांसाठी एक टेनिसचा खेळ रचला. ऑसिलोस्कोपच्या इवल्याशा काचेवर प्रकाशाचा एक ठिपका जाळीच्या या बाजूकडून त्या बाजूकडे उडत असे. पुढे १९६२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी पी.डी.पी.-१ या यंत्रावर दोन अंतराळयानांच्या लढाईचा खेळ तयार केला. त्या यंत्राची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती. तेव्हा खेळासाठी यंत्र घेणे ही कल्पना कोणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. यंत्र गणितासाठी घेतलेले असे, आणि रात्री ते मोकळे सापडले की तरुण मंडळी त्यावर खेळत. तथापि, यंत्राकडून कागदावरचे आकडे मिळवण्याऐवजी ते माणसाच्या हालचालीला त्याच क्षणी उत्तर देईल, ही दृष्टी या खेळांतूनच अनेकांना प्रथम प्रत्यक्ष दिसली, हे विसरता येत नाही.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून एक गणकयंत्र आले. ते विकत आणलेले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मात्र वेगळा मार्ग धरला. होमी भाभांच्या या संस्थेत १९५४ साली आर. नरसिंहन हे रुजू झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी गणकयंत्र स्वतःच बांधण्याचे ठरवले. असे यंत्र बांधण्याचा अनुभव त्या मंडळींपैकी कोणाच्याही गाठीशी नव्हता. त्यांनी एकदम मोठ्या यंत्राला हात घातला नाही. प्रथम एक लहान नमुना-यंत्र बांधून आपले हात आणि आपली समजूत तपासून घेतली, आणि मगच पूर्ण यंत्राचा आराखडा हाती घेतला. ते पूर्ण यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत कार्यान्वित झाले. १९६२ च्या जानेवारीत संस्थेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

या टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. १८ फूट लांब आणि ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात ते बसवलेले होते. त्याच्या स्मृतीत ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत. आज खिशातल्या साध्या फोनपुढेही ही स्मृती नगण्य ठरेल. पण दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, फेराइटच्या मण्यांची स्मृती तेव्हा जगात नवी होती, आणि ती या मंडळींनी वेळीच स्वीकारली. दुसरी गोष्ट जराशी कटू आहे. यंत्र पूर्ण होईपर्यंत जगात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टर घेऊ लागले होते. म्हणजे जन्मतःच त्याला वार्धक्याने गाठले होते. १९६४ साली त्याच संस्थेत परदेशी बनावटीचा सी.डी.सी. ३६०० हा कितीतरी शक्तिमान संगणक आला, आणि टिफ्रॅकचे काम लवकरच संपले.

मग तो सारा खटाटोप वाया गेला काय? मुळीच नाही. यंत्र निवृत्त झाले, पण बांधणारे हात तयार झाले होते. नवे यंत्र आले तेव्हा ते कसे चालते हे उमजणारी माणसे येथे होती. वडीलधाऱ्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच सापडते. जुळवलेले यंत्र चार-पाच वर्षांत मागे पडते. जुळवण्याची विद्या मागे पडत नाही.

आता सामान्य माणसाच्या घराकडे वळू. १९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाचे यंत्र झळकले. सुमारे ४०० डॉलरांत त्याच्या सुट्या भागांची पेटी मिळे; डाखणीने एकेक भाग घेणाऱ्याने स्वतः जोडावयाचा. त्याला कळफलक नव्हता, पडदा नव्हता. होती ती फक्त बटणांची आणि दिव्यांची रांग. तरीही लोकांनी ते भराभर मागवले. पुढच्याच वर्षी स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी ॲपलचा पहिला संगणक केला, तोही नुसता एक जोडलेला फळा. पेटी, कळफलक आणि वीजपुरवठा ज्याचा त्याने पाहावयाचा. १९७७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात रंग आले, आवाज आला, खेळाचे दांडे आले. वॉझ्नियाक यांनी स्वतःच सांगितले आहे की, विटा फोडण्याचा जो खेळ त्यांनी पूर्वी अटारीसाठी रचला होता, तो आपल्या संगणकावर चालावा, या इच्छेतून यांतली बरीच वैशिष्ट्ये आली. म्हणजे घरगुती संगणकाच्या डोळ्यांत रंग भरला तो हिशेबाने नव्हे, खेळाने.

तथापि, आजची सुट्या भागांची जुळणी शक्य झाली ती एका निराळ्याच घटनेमुळे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आय.बी.एम. या बलाढ्य कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. तो वर्षभराच्या आत घाईने तयार करावयाचा असल्यामुळे त्यांनी बहुतेक भाग बाजारातून घेतले, आणि इतरांनीही पूरक भाग बनवावेत म्हणून अंतर्रचनेची माहिती छापून प्रसिद्ध केली. यंत्रात रिकाम्या खाचा ठेवल्या. ज्याला जे कार्ड हवे ते त्याने त्यात बसवावे. यंत्राला जागे करणारी एक छोटी आज्ञावली तेवढी कंपनीने आपल्या मालकीची ठेवली होती. तीही इतरांनी, मूळ मजकूर न पाहता केवळ तिचे कार्य अभ्यासून, कायद्याच्या चौकटीत नव्याने लिहून काढली. मग काय, धरणाचे दार उघडावे तसे झाले. तैवानमध्ये फळे, हाँगकाँगमध्ये पेट्या, आणखी कोठे स्मृती, असा सारा संगणक सुट्या भागांत जगभर मिळू लागला.

भारतात हे पाणी पोहोचावयास थोडा काळ गेला. १९७८ साली आय.बी.एम.ने परकीय भांडवलाच्या कायद्यावरून देशातला कारभार आवरला होता. आयातकरही जबर होते. १९८४ च्या नोव्हेंबरात नवे संगणक धोरण जाहीर झाले आणि भागांची आयात सुलभ झाली. ‘हा उद्योग कसला, हे तर नुसते स्क्रू पिळणे,’ अशी टीका तेव्हा झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण त्या स्क्रू पिळणाऱ्यांनीच संगणक सामान्य माणसाच्या आटोक्यात आणला, हेही तितकेच खरे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा पूर्वी रेडिओच्या भागांसाठी प्रसिद्ध होता. तेथेच आता संगणकाच्या भागांची दुकाने थाटली गेली. दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर ही त्याचीच भावंडे. १९९७ साली भारताने माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला आणि २००५ पर्यंत त्या वस्तूंवरचा सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आला. नाममुद्रा नसलेला, गल्लीतल्या माणसाने जुळवलेला संगणक हाच कित्येक मध्यमवर्गीय घरांतला पहिला संगणक ठरला.

त्या रिकाम्या खाचेची आणखी एक कथा आहे, आणि ती आम्हा सीमाभागातील लोकांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. त्या काळच्या संगणकाला फक्त रोमन लिपी येत असे. कानपूरच्या आय.आय.टी.त १९८० नंतरच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी संशोधन झाले; मोहन तांबे हे त्यातले एक प्रमुख नाव. पुढे हे काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आले, आणि ‘जिस्ट’ नावाचे कार्ड तयार झाले. ते संगणकाच्या खाचेत बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे, कन्नड उमटे, तेलुगू उमटे. या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच आहे, हे ओळखून सर्वांसाठी एकच कळफलक आणि एकच संकेतप्रणाली ठरवली गेली. १९९१ साली भारतीय मानक म्हणून तिला मान्यता मिळाली. ज्या कळीने ‘क’ उमटे, त्याच कळीने लिपी बदलताच ‘ಕ’ उमटे. सरकारी नकाशावरील सीमारेषेने जे वेगळे केले, ते एका कार्डाने एका बोटाखाली आणले. आज या कामाला निराळे कार्ड लागत नाही. ते ज्ञान यंत्रातच मुरले आहे. पण ज्या प्रकारच्या खाचेत आजचा तरुण खेळाचे कार्ड बसवतो, तिच्या पूर्वजाने आपल्या लिपीला आसरा दिला होता, हे त्याला ठाऊक असावे.

सी-डॅकचेच दुसरे उदाहरण काटकसरीचे आहे. १९८० नंतरच्या दशकात भारताला हव्या त्या क्षमतेचा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना. जो देऊ केला त्यालाही अटी होत्या. तेव्हा १९८८ साली पुण्यात ही संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर यांच्याकडे तिची धुरा आली. मुदत तीन वर्षांची. एक अतिवेगवान आणि अतिमहाग प्रक्रियक बनवण्याच्या नादी ही मंडळी लागली नाहीत. बाजारात मिळणारे ‘ट्रान्सप्यूटर’ नावाचे साधे प्रक्रियक घेऊन ते परस्परांशी बोलतील अशी मांडणी त्यांनी केली. १९९१ साली ६४ प्रक्रियकांचा ‘परम ८०००’ उभा राहिला. एका पैलवानाला जे उचलत नाही, ते चौसष्ट जणांनी खांदा देऊन उचलावे, तसा हा प्रकार.

आणि नेमके हेच तत्त्व खेळाच्या चित्रकार्डात आहे. पडद्यावर १,९२० आडवे आणि १,०८० उभे, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. सेकंदाला साठ वेळा प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवावा लागतो. मुख्य प्रक्रियक हा विद्वान, पण एकटा. इतके काम त्याच्याने होत नाही. १९९३ चा ‘डूम’ हा खेळ केवळ प्रक्रियकाच्या बळावर चाले. १९९६ साली ‘व्हूडू’ नावाचे स्वतंत्र चित्रकार्ड आले. १९९९ साली एनव्हिडियाचे ‘जीफोर्स २५६’ आले. या कार्डांत पुढे शेकडो, मग हजारो लहान प्रक्रियक एकाच वेळी राबू लागले. आणि मग नवलाची गोष्ट घडली. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी चित्रे ओळखण्याच्या जागतिक स्पर्धेत सर्वांना मागे टाकले. त्यासाठी त्यांनी वापरली होती ती खेळासाठी विकली जाणारी दोन साधी चित्रकार्डे. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची ती एक नांदी होती. ‘खेळासाठी एवढा पैसा कशाला’ या पहिल्या प्रश्नाला इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे. खेळासाठी घेतलेले यंत्र खेळापुरतेच राहील की नाही, हे यंत्र ठरवत नाही, घेणारा ठरवतो.

आता हिशेबाकडे वळतो, कारण इतिहास ऐकून पैसे कमी लागतात असे नाही. शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आहे. शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. नाहीतर पाया घालून काम अडते आणि बघणारे हसतात. पहिला संगणक जुळवणाऱ्याने हा दृष्टान्त पेटीवर लिहून ठेवावा. प्रथम पडदा कोणता आणि खेळ कोणते, हे ठरवावे, भाग मागाहून. साध्या पडद्यापुढे महागडे कार्ड म्हणजे बैलगाडीला आगगाडीचे इंजिन. खेळ हाच हेतू असेल तर एकूण रकमेचा तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक चित्रकार्डाला द्यावा, मध्यम प्रतीचा प्रक्रियक घ्यावा, स्मृतीच्या एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या बसवाव्यात, कारण त्या दुहेरी वाटेने काम करतात. पैसा त्याहूनही कमी असेल, तर चित्रशक्ती अंगीच असलेला प्रक्रियक घ्यावा, फळा मात्र पुढे वाढीला वाव देणारा निवडावा, आणि कार्ड पुढच्या सुगीवर सोडावे. नमुना-यंत्र आधी आणि पूर्ण यंत्र मग, हा टिफ्रॅकचाच क्रम आहे.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नये, आणि ते म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. तो दिसत नाही, मिरवत नाही, म्हणून नवखा माणूस तेथेच चार पैसे वाचवतो. आणि हलका डबा जळताना एकटा जळत नाही, सोबत इतरांनाही नेतो. खेड्यात विजेचा दाब खालीवर होतो. म्हणून भिंतीतल्या खटक्याला खरोखरची अर्थिंग आहे की नुसतेच तिसरे भोक आहे, हे वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि यंत्रामागे यू.पी.एस. ठेवावा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि काळ्या रानाची धूळ घरभर असते. तेव्हा हवा खेळती ठेवणारी पेटी घ्यावी आणि दर दोन महिन्यांनी ती झाडावी. जुळणी करताना प्रथम उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. प्रक्रियक खाचेत आपल्या वजनाने बसतो; दाबावा लागला, तर तो चुकीचा धरला आहे असे समजावे.

बाजाराचा काळही ओळखावा लागतो. २०२०-२१ मध्ये महामारीने आणि आभासी चलनाच्या हव्यासाने चित्रकार्डे दुर्मिळ झाली होती. २०२२ च्या सप्टेंबरात त्यांतल्या एका मोठ्या चलनाची रीत बदलली आणि अहोरात्र राबवलेली जुनी कार्डे बाजारात आली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी स्मृतीची मागणी वाढवली आणि तिचे भाव भडकले. दूर कॅलिफोर्नियात कोणी काय मांडले याचा चटका आळंद तालुक्यातल्या घराला बसतो. तुरीचा भाव आपल्या हाती नसतो हे जाणणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. वापरलेला भाग घेणे गैर नाही. पण तो डोळ्यांदेखत तासभर चालवून पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत, आणि पावतीशिवाय वस्तू उचलू नये.

शेवटी एक गोष्ट आम्हा शिक्षकांच्या आणि पालकांच्या वतीने सांगावीशी वाटते. अंदाजपत्रक केवळ रुपयांचे नसते, तासांचेही असते. रुपये संपले की हात आपोआप थांबतो. तास संपत आल्याचे मात्र कळत नाही. पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर २०२५ साली संसदेने कायदा करून बंदी घातली, ते योग्यच झाले; परंतु उरलेल्या खेळांत किती वेळ घालवावा, याचा कायदा कोणी करू शकत नाही. तो घरात बोलून ठरवावा लागतो. त्याच बोलण्यात वडिलांनी एक अट घालावी. यंत्र जुळवताना धाकट्या बहिणीला शेजारी बसवायचे, प्रत्येक भागाचे नाव आणि काम तिला आपल्या भाषेत सांगायचे, आणि ती विचारील त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे. उत्तर येत नसेल, तर तो भाग त्या दिवशी बसवायचा नाही. मुलगा ही अट मानील, तर मंडळींनी खुशाल पैसे द्यावेत. मग एका यंत्राच्या किमतीत घरात जाणकार दोन होतील, आणि पुढच्या वेळी शेजारच्या वस्तीतले बंद पडलेले यंत्र घेऊन कोणी दारात आले, तर त्याला सोलापूर किंवा कलबुर्गी गाठावे लागणार नाही.